गळ्याची ओल

कल्याण स्टेशनच्या फलाटावर, कनातीच्या आड, त्या बाईने सुमतीच्या गळ्यावरची पट्टी सोडली, एक बोट जखमेवर टेकवलं आणि लगेच ते आपल्या पांढऱ्या एप्रनला पुसलं. घाईने, जरा जास्तच दाबून. पुढे बरंच काही झालं, पण सुमतीच्या मनात राहिलं ते हे बोट पुसणं. तिला राग आला नाही. तिला वाटलं, म्हणजे हे असं आहे तर. श्रावणापासून तिच्या गळ्याच्या मधोमध, हनुवटीच्या खाली, सुई टोचून काढावी एवढं एक छिद्र होतं, आणि त्यातून भेंडी चिरताना तार सुटते तसं काहीतरी चिकट, पांढुरकं पाझरत होतं. आता फाल्गुन लागला होता. घरच्या सगळ्यांनी ते पाहिलं होतं. सासूबाई लांबून पाहत. नवरा, श्रीपाद, कापसाच्या बोळ्याने टिपून पाहत असे, आणि बोळा कुठे टाकतो ते तिला दिसू नये म्हणून पाठमोरा होत असे. सगळे तिच्याशी फार जपून वागत होते. इतकं जपून, की आपल्या अंगातून येणारी ही गोष्ट दुसऱ्याला किळसवाणी वाटत असेल हे तिला माहीत होतं, पण दिसलं नव्हतं. ते आज दिसलं.

"कधीपासून?" बाईने विचारलं. ती गोव्याकडची ख्रिस्ती असावी, मराठी तुटक बोलत होती.

"श्रावणापासून. हे प्लेगचं नव्हे. इथे गाठ होती, ती मुंबईला इस्पितळात कापून काढली. जखम पुरती भरली नाही, एवढंच."

"ताप?"

"कधीच नाही."

बाईने काखेत हात घालून पाहिलं, कपाळाला हात लावला, मग मान हलवली. "गळ्याला पाणी येतं. साहेब सोडणार नाही. तिकडे बसा."

मुंबईत दिवाळीच्या आधी सुरू झालेला गाठीचा ताप आता ठाण्यापर्यंत आला होता, आणि कल्याणला प्रत्येक गाडी थांबवून माणसं उतरवून तपासत होते. पुरुषांची रांग वेगळी, बायकांसाठी ही कनात. सुमती आणि श्रीपाद ठाण्याहून निघाले होते ते तिच्या भावाकडे, त्याच्या मुलाच्या मुंजीला. भावाचं घर पारनाक्यावर, स्टेशनपासून टांग्याने थोडंसंच. श्रीपाद केव्हाच तपासून सुटला होता आणि दोराच्या पलीकडे हातात फराळाचा डबा घेऊन उभा होता. ती बाहेर येत नाही असं पाहून त्याने एका गोऱ्या शिपायाशी बोलायला सुरुवात केली. श्रीपाद ठाण्याच्या कोर्टात भाषांतरकार होता. लोक मराठीत जे सांगत ते तो दिवसभर इंग्रजीत करून ठेवी. त्याचा इंग्रजीतला आवाज मराठीतल्या आवाजापेक्षा बारीक होता, जणू दुसरा एक लहान श्रीपाद त्याच्या आत बसून बोलत असावा. सुमतीला इंग्रजी येत नव्हतं. फक्त 'नेक' हा शब्द तिला ओळखता येई, कारण गेलं वर्षभर तो तिच्या डोक्यावरून इकडून तिकडे गेला होता. श्रीपाद आणि ठाण्याचा डॉक्टर, श्रीपाद आणि मुंबईच्या इस्पितळातली डॉक्टर मडम. आताही तो शब्द ऐकू आला, दोनदा, तीनदा. मग श्रीपादचा आवाज चढला आणि एकदम बंद झाला. तो दोराशी येऊन म्हणाला, "काही दिवस छावणीत ठेवतात म्हणे. नुसतं बघायला. घाबरू नकोस." घाबरलेला तोच होता. छावणीतून 'प्लेग आहे' असं कळलं तर ठाण्याचं घर उघडतील, कौलं काढतील, चुन्याने धुतील, आणि सासूबाईंना या वयात उचलून कुठल्याशा झोपडीत नेतील. हे दोघांनाही ठाऊक होतं. "डबा घे," तो म्हणाला. शिपायाने डबा मधेच अडवला.

बैलगाडीतून विठ्ठलवाडीच्या बाजूला जाताना सुमतीने पट्टी पुन्हा बांधली नाही. ती बाईने टाकून दिली होती. उघड्या गळ्याला वारा लागत होता. लहानपणी तिथे बोराएवढी गाठ होती, मऊ, हाताला इकडेतिकडे सरकणारी. आई तिला 'देवाची सुपारी' म्हणायची. गिळलं की सुपारी वर जायची, मग खाली यायची. भाऊ तिला मुद्दाम पाणी प्यायला लावून पाहत बसे. लग्नात आईने गळ्याशी घट्ट बसणारी ठुशी घातली आणि कुणी काही बोललं नाही. मूल गेलं त्याच्या पुढच्या साली गाठ वाढायला लागली, लिंबाएवढी झाली. श्रीपादला ती कधी खुपली नव्हती. पण एकदा त्याने हौसेने जोडीचा फोटो काढायचं ठरवलं, आणि फोटोवाला अगदी अदबीने म्हणाला, बाईंनी पदर जरा गळ्याशी ओढून घ्यावा. फोटो निघालाच नाही. महिनाभराने श्रीपाद म्हणाला, मुंबईला बायकांसाठी निराळं इस्पितळ आहे, तिथे डॉक्टरही बाईच आहे. सुमती 'बरं' म्हणाली. तेव्हा ती सगळ्यालाच 'बरं' म्हणत असे. भुलीच्या औषधाचा गोडसर वास, मग काही नाही, मग भयंकर ओकारी, आणि मग हात लावून पाहावं तर गळा सपाट. आठवडाभर ती तो सपाटपणा चाचपत होती. ठाण्याला परत आल्यावर, श्रावणातल्या एका सोमवारी, आरती म्हणताना तिच्या चोळीच्या गळ्याशी ओल लागली.

त्यानंतर कारणं सुरू झाली. पाझरतं आहे याहून ते का पाझरतं याचीच घरात जास्त चर्चा होई. सासूबाईंचं म्हणणं, देवाने दिलेली गोष्ट सुरीने काढली, जागा रिकामी राहिली, ती भरत नाही. त्यांनी कौपिनेश्वराला अभिषेक बोलला. भावाने कल्याणचे वैद्य आणले. त्यांनी त्याला नाडीव्रण म्हटलं, उष्णता सांगितली, वांगं, दही आणि चिंच बंद करून हिरवट लेप दिला. तो लेप सुकला की गळ्याची कातडी ओढली जाई आणि सुमतीला कुणीतरी मागून धरल्यासारखं वाटे. ठाण्याच्या डॉक्टरचं मत, आत टाक्याचा रेशमी दोरा राहिला असावा. त्याने बारीक सळई घालून पाहिलं आणि खरोखरच एक काळा, वितळलेल्या केसासारखा तुकडा बाहेर काढला. त्या दिवशी घरात सगळ्यांना इतका आनंद झाला की सासूबाईंनी त्या दोऱ्यालाच शिव्या दिल्या. छिद्र मिटलं. मग आतून फुगलं, लाल झालं, ठणकलं, आणि फुटून पुन्हा वाहू लागलं. डॉक्टर म्हणाला, मग क्षयाची गाठ असेल, माशाच्या काळजाचं तेल द्या. श्रीपादने ते औषधाच्या बाटलीत लपवून आणलं, पण सासूबाईंच्या नाकाला कोण फसवणार. "माझ्या घरात मासा?" एवढंच त्या म्हणाल्या, आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत. बाटली मासुंद्याच्या तळ्यात गेली. त्या दिवशी सुमतीला हसू आलं होतं, पण हसलं की तार सुटे, म्हणून तिने ते गिळलं.

वाहता व्रण सोवळ्यात चालत नाही, त्यामुळे श्रावणापासून सुमतीला स्वयंपाकघर बंद होतं, देवघर बंद होतं. पंक्तीला वाढणं बंद. बायका महिन्यातून जसं बाजूला बसतात तसं ती कायमचं बसली होती. सुरुवातीला तिला रडू येई. मग हळूहळू तिच्या लक्षात आलं की दुपारी माजघराच्या खिडकीशी बसून कचेरीकडे जाणारी माणसं पाहायला आपल्याला आवडतं, की चुलीचा धूर न लागल्याने आपले डोळे स्वच्छ राहिले आहेत. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. रोज सकाळी सासूबाई तुळशीला पाणी घालून येताना उंबऱ्याशी थांबून विचारत, "आज कसं आहे गं?" आणि ती म्हणे, "तसंच." या दोन वाक्यांवर त्यांचा दिवस सुरू होई.

तिचं स्वतःचंही एक कारण होतं. ते तिने कुणापाशी काढलं नव्हतं. सहा वर्षांपूर्वी तिला मुलगी झाली आणि बारशाच्या आत गेली. सुमती तेव्हा रडली नाही. रडू आलंच नाही, घशापर्यंत काहीतरी येऊन थांबलं. सासूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होत्या, "रड गं बाई. आत ठेवलंस तर साठेल." तिने ठेवलं. साठलं. ते आता वाट काढून येत आहे, थेंबाथेंबाने, आणि संपेपर्यंत येणार. हे खुळं आहे हे तिला कळत होतं. ती श्रीपादची बायको होती, तिला वाचता येत होतं. पण पहाटे जाग आली की बोट आपोआप गळ्याशी जाई, ओल लागे, आणि तिला वाटे, आहे. काय आहे ते ती स्वतःलाही पुढे सांगत नसे.

छावणी म्हणजे माळावर ओळीने उभ्या केलेल्या तट्ट्यांच्या झोपड्या, वर झावळ्या, भोवती काटेरी कुंपण. सुमतीच्या झोपडीत एकच बाई होती, रंगूबाई नावाची, खाडीकाठच्या गावातली आगरीण, वयाने पन्नाशीच्या पुढची, अंगाने सुकलेली. ती कल्याणच्या बाजारात वाल विकायला आली होती आणि स्टेशनाजवळ पकडली गेली होती. सुमती आत शिरली तशी तिने आधी तिच्या पातळाकडे पाहिलं, मग गळ्याकडे.

"काय गो, गल्याला काय झायलाय?"

"गाठ काढली होती. भरत नाही."

"हां," रंगूबाई म्हणाली, आणि तिचं तेवढ्यावर भागलं. कारण विचारलं नाही. मग ती आपल्या कोंबड्यांविषयी बोलू लागली. घरी कोणी नाही. सांजचं कोंबड्या टोपलीखाली कोन डालील? तांबडी त एकदम येडी हाय, ती झाडावर बसल, मुंगूस नेल. दिवसभर ती तेच बोलत होती. कधी कुंपणापाशी जाऊन पहाऱ्यावरच्या शिपायाला सांगे, "ए बाबा, कोंबड्या डालून येतंय रं, लगेच येतंय." शिपाई मान फिरवी. सुमती ऐकत बसे. इतके महिने तिच्याविषयीच बोलणं ऐकून ऐकून तिला कोंबड्यांचं ऐकताना बरं वाटलं.

छावणीत करायला काही नव्हतं. भाऊ रोज कुंपणापाशी जेवण आणून ठेवी आणि लांबून ओरडून काहीतरी सांगे, वाऱ्याने अर्धं ऐकू येई. मुंज पुढे ढकलली होती. श्रीपाद ठाण्याहून येई आणि नुसता उभा राही. ऊन चढलं की तट्ट्यांतून उन्हाच्या काड्या जमिनीवर पडत. सुमती पट्टी नसलेल्या गळ्याने बसून राही आणि पहिल्यांदाच त्या जागेकडे नीट लक्ष देई. आरसा नव्हता म्हणून बोटानेच. तिला कळलं की ते सतत वाहत नाही. उपाशी असताना कोरडं असतं. जेवताना येतं. बोलताना येतं. भावाला ओरडून उत्तर दिलं की भरपूर येतं. गप्प बसलेल्या माणसाला हे दुखणं जवळजवळ नव्हतंच. घरी ती इतकी गप्प असे, मग तिथे कसं येई? मग तिला आठवलं की घरी ती मनात बोलत असे, आणि मनात बोलतानाही जीभ थोडी हलते. हा शोध तिला विचित्र वाटला. ती जीभ टाळूला लावून हलू न देता बसून पाही, आणि मग विचारही येत नसत.

रोज सकाळी एक तरुण डॉक्टर येई, मराठीच होता, दाढी वाढलेली, डोळ्यांखाली काळं. तो कुणाच्या तोंडाकडे बघत नसे. नाडी, कपाळ, काख, आणि जीभ. प्लेगची जीभ कशी दिसते ते त्याला पाठ झालं होतं. तो ओळीने सगळ्यांना म्हणत जाई, जीभ काढा, जीभ काढा. पहिल्या दिवसांत सुमतीने लाजून टोक तेवढं दाखवलं होतं. परक्या पुरुषासमोर जीभ काढायची म्हणजे काय. एके दिवशी तो वैतागला.

"बाई, सबंध काढा हो. मला अजून पुष्कळ झोपड्या आहेत."

तिने डोळे मिटून जीभ बाहेर काढली. काही बोलणं ऐकू आलं नाही म्हणून डोळे उघडले, तर तो जिभेकडे बघतच नव्हता. तो तिच्या गळ्याकडे बघत होता.

"आत घ्या," तो म्हणाला. "पुन्हा काढा. आत. पुन्हा." मग तो खाली बसला, तट्ट्याला टेकून, आणि पहिल्यांदाच माणसासारखा दिसला. "जीभ काढलीत की ते छिद्र वर ओढलं जातं. कुणी दाखवलं नाही तुम्हाला?"

"नाही. मुंबईला मडमने गाठ काढली, मग घरी लेप लावले. काय असतं ते?"

तो दमलेल्या माणसासारखा, वर्गात पाठ म्हणावा तसं सांगू लागला. तिच्या घरचं दुसरं कुणी तिथे नव्हतं म्हणून त्याने तिलाच सांगितलं. "मूल पोटात असतं तेव्हा त्याच्या जिभेच्या मुळापासून एक ग्रंथी सुटते आणि गळ्यात खाली उतरते. ती उतरते त्या वाटेची नळी राहते, ती पुढे आपोआप बुजते. तुमची बुजली नाही. तुमची गाठ त्या नळीवरच धरली होती. मडमनी गाठ काढली, पण नळी राहिली. तिला आतून अस्तर असतं, ते पाझरणारच. वरून लेप लावून काय होणार?"

"दोरा निघाला होता एक."

"दोऱ्यानेही असं होतं. पण मग दोरा निघाल्यावर थांबायला हवं होतं."

"क्षय?"

"क्षयाची गाठ असती तर आजूबाजूला आणखी गाठी असत्या. तुमचं वजनही राहिलं नसतं."

"मग हे थांबेल कसं?"

त्याने स्वतःच्या हनुवटीखाली बोट दाबलं. "इथे एक आडवं हाड आहे, घोड्याच्या नालासारखं. नळी त्याला चिकटून वर जाते. हाडाचा मधला तुकडा काढायचा आणि नळी मुळापर्यंत सोडवायची. जर्मनीत कुणी तसं करतो, असं वाचलंय. मी पाहिलेलं नाही."

"म्हणजे पुन्हा कापायचं."

"हो."

"मग येणार नाही?"

"येऊही शकेल. थोडी नळी जरी राहिली तरी येईल. खात्रीचं काही नसतं, बाई." तो उठला. "प्लेग तुम्हाला नाही. आणखी दोन दिवसांत सोडतील." आणि रंगूबाईकडे वळून म्हणाला, "जीभ काढा."

सुमती तशीच बसून राहिली. तिला हायसं वाटायला हवं होतं. प्लेग नव्हता, घर वाचलं, सासूबाई वाचल्या. ते सगळं तिच्या लक्षात आलं, पण दुसऱ्या कुणाच्या तरी बाबतीत घडल्यासारखं. तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. आईच्या पोटात असतानाच. म्हणजे सुरीच्या आधी, फोटोवाल्याच्या आधी, मुलीच्याही कितीतरी आधी. तिला कुणी काही करण्याच्या, तिने काही करण्याच्या आधी ही वाट उघडी राहिली होती. कुणाचीच चूक नव्हती. कुणाची आठवणही नव्हती. तिने बोट गळ्याला लावलं, ओल होती, आणि ती नुसती ओल होती. पुढे काही नव्हतं. तेव्हा तिला रडू आलं. मोठ्याने नाही, पण सहा वर्षांपूर्वी यायला हवं होतं तसं, डोळ्यांतून, नाकातून, खांदे हलवत. मुलीचा चेहरा आठवू पाहावा तर आठवेना. आठवली ती फक्त तिची टाळू, मऊ, खालून उडत असलेली.

"रडतंस कनाला?" रंगूबाईने विचारलं. "तुला सोडतान ना?"

"हो."

"मग मना पण सांग त्यांना. कोंबड्यांचं सांग."

सुमतीने डोळे पुसले आणि सांगते म्हणाली. संध्याकाळी रंगूबाईला थंडी वाजायला लागली. ती काखेत हात दाबून धरून आडवी झाली आणि बोलायची थांबली, तेव्हाच सुमतीला कळलं. सकाळी ऊन यायच्या आत रंगूबाई म्हणाली, "पानी दे गो." पाणी होतं सुमतीच्या तांब्यात, भावाने घरून पाठवलेलं. तिने तांब्या तिच्या तोंडाला लावला. रंगूबाईने ओठ लावून प्यायलं, अर्धं गळ्यावरून खाली गेलं. तांब्या परत घेताना सुमतीला वाटलं, आता हा घरी नेता येणार नाही. आणि मग वाटलं, नाही नेला तर नाही. माणसं आली, रंगूबाईला डोलीत घालून कुंपणाच्या पलीकडच्या मोठ्या झोपडीत घेऊन गेली. सुमतीने त्यांच्यातल्या एकाला कोंबड्यांचं सांगितलं, गावाचं नाव सांगितलं. तो म्हणाला, बरं. दुसऱ्या दिवशी रंगूबाईची चटई आणि कांबळं बाहेर आणून जाळलं, त्यावरून बाकीचं कळलं.

त्यापायी सुमतीला आणखी काही दिवस ठेवून घेतलं. श्रीपाद तिला न्यायला आला तेव्हा त्याच्या अंगावरचा कोट ढगळ झाला होता. ठाण्याला जाणाऱ्या गाडीत त्यांना एक डबा जवळजवळ रिकामाच मिळाला. लोक प्रवास करायला भीत होते. मुंब्र्याचे बोगदे येईपर्यंत तो खिडकीबाहेर पाहत होता. मग म्हणाला, "मी ठरवलंय. आता सुरी नाही. जे आहे ते असू दे. वैद्यांचा लेप पुन्हा सुरू करू, आईलाही बरं वाटेल."

"लेपाने जाणार नाही."

त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने त्याला सांगितलं, डॉक्टरने सांगितलं तसंच, जिभेचं मूळ, नळी, अस्तर, आडवं हाड. सांगताना तार सुटत होती. तिने ती पदराने टिपली आणि सांगत राहिली. तो ऐकत होता, आणि त्याचे ओठ किंचित हलत होते. सवयीने तो मनात त्याचं इंग्रजी करत असावा.

"मला कुणी हे सांगितलं नाही," तो म्हणाला.

"मला सांगितलं."

"आणि इतकं करून पुन्हा आलं तर? भुलीतून माणूस उठत नाही असंही होतं. मागच्या खेपेला मी बाहेर बसलो होतो, तुला काय माहीत ते."

"येईलही, असं ते म्हणाले."

"मग कशासाठी?"

स्वयंपाकघरात परत जाण्यासाठी म्हणावं तर तिला तिथे परत जायचं होतं असंही नव्हतं. दिसण्यासाठी म्हणावं तर पट्टीखाली काहीच दिसत नव्हतं. ती खाडीकडे पाहत राहिली. ओहोटी होती, चिखलात एक होडी कलंडून पडली होती. "आता ते माझं नाही वाटत," ती शेवटी म्हणाली. "ते तिथे नको आहे."

श्रीपादला हे समजलं नाही, पण ती इतकं सलग कधी बोलली नव्हती. तो म्हणाला, "बरं."

साथ ओसरल्यावर, आषाढात, मुंबईच्या त्याच मडमने पुन्हा गळा उघडला. या खेपेला श्रीपाद इंग्रजीत बोलायच्या आधीच सुमतीने जीभ काढून दाखवली, आणि मडम वाकून गळ्याकडे बघत राहिली, मग हसली. तिच्याजवळ विलायतेहून आलेलं एक नवं पुस्तक होतं. तिने पानं उलटून चित्र दाखवलं, बोट ठेवून नळी दाखवली. तिने हेही सांगितलं की असं आपण पूर्वी केलेलं नाही. सुमतीने विचारलं, "बोलता येईल ना?" श्रीपादने तो प्रश्न इंग्रजीत केला. मडम म्हणाली, येईल. शुद्धीवर आल्यावर गिळताना इतकं दुखत होतं की सुमतीला थुंकीसुद्धा नकोशी झाली. ताप आला, उतरला. टाके निघाले. मग वाट पाहणं. पहिले दिवस कुणी काही म्हणेना, कारण मागच्या वेळी घाई केली होती. सासूबाईंनी तर नावही काढलं नाही. नवरात्र आलं, देवळात देवीपुढे संबळ वाजू लागली, आणि गळ्यावर फक्त एक आडवी, जराशी उंच, कोरडी रेघ होती. सासूबाईंनी स्वतः तिच्या हातात सोवळं दिलं. तिने नैवेद्याचा स्वयंपाक केला. धुराने डोळे चुरचुरले. पुरण थोडं सैल झालं होतं.

दिवाळीनंतरच्या एका पहाटे तिला नेहमीसारखी जाग आली आणि बोट गळ्याशी गेलं. कोरडं. ती पडून राहिली. बाहेर तांब्याचा आवाज झाला, तुळशीत पाणी पडलं, सासूबाईंची पावलं उंबऱ्याशी आली आणि न थांबता पुढे गेली. त्या कित्येक दिवस अशाच जात होत्या. आता विचारायचं काय राहिलं होतं. सुमतीच्या ते आजच लक्षात आलं. घरभर सगळं ठीक होतं आणि त्या ठीकपणात तिला क्षणभर कुणीतरी आपल्याला सोडून गेल्यासारखं वाटलं. पावलांचा आवाज ती ऐकत राहिली. एक पाऊल पडत होतं, दुसरं ओढलं जात होतं, मधे थांबा. पायरीशी लांब थांबा. हे पाऊल असं कधीपासून वाजतं आहे? ती उठून बाहेर आली. सासूबाई भिंतीला धरून पायरी चढत होत्या.

"सासूबाई," ती म्हणाली, "गुडघा दुखतो का?"

त्या वळल्या. आधी त्यांच्या तोंडावर थोडी नाराजी आली, लपवलेलं कुणी पाहिल्यासारखी. मग त्यांनी हातातला तांब्या खाली ठेवला, हळूच पायरीवर बसल्या आणि पाय पसरला.

"उजवा," त्या म्हणाल्या. "अगं, तुझ्या मामंजींच्या दुखण्यात मी रात्रंदिवस ओल्या जमिनीवर बसून असे ना, तेव्हापासूनच धरला असावा. का त्याही आधी, कोण जाणे. बस. सांगते."

सुमती त्यांच्या शेजारी बसली.